लेम्पीच्या लाल काठ्या

लेम्पी सारिमा ही माझी थोरली मेहुणी. ती मला कधी आवडली नाही, आजही आवडत नाही, आणि मी तिला आवडत नाही हे ती गेली पंचवीस वर्षं रस्त्याच्या पलीकडून न चुकता कळवत आली आहे. आमची घरं समोरासमोर आहेत. मधे एक अरुंद रस्ता, तोही वर्षातले सहा महिने बर्फाखाली. बायकोची बहीण समोर राहत असेल तर माणसाचं काय होतं हे ज्याला ठाऊक नसेल त्याने माझ्या दुकानात यावं, खुर्चीत बसावं, केस कापता कापता सांगेन.

मी ओन्नी लाहटेला, कॉपर स्लिप या फिनिश वस्तीच्या गावचा न्हावी. तांब्याची खाण चालू होती तेव्हा गावात चार न्हावी होते. खाण बंद पडली, तिघे दक्षिणेकडे कारखान्यांत गेले, मी राहिलो. न्हाव्याचं पोट त्याच्या दहा बोटांवर चालतं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि अनामिकेत कात्री, डाव्या हाताच्या दोन बोटांत केस. उजव्याचं एक बोट गेलं तरी दुकानाला कुलूप. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते याच बोटांवर येऊन ठेपलं होतं.

लेम्पी घरामागच्या शेडमध्ये मशिनं दुरुस्त करते. उन्हाळ्यात गवत कापायची, बाकी सारं वर्ष बर्फ उडवायची, म्हणजे ब्लोअर. सरोवरावरून वारा सुटला की आमच्याकडे बघता बघता कमरेएवढा बर्फ साचतो. गावात चर्चला न जाणारा माणूस सापडेल, ब्लोअर नसलेला सापडणार नाही. आणि ब्लोअर बिघडला की लेम्पीच्या दारात नाक घासायचं, कारण तीस मैलांत दुसरं कोणी नाही. साठी उलटलेली बाई, खांदे माझ्याहून रुंद, नाकावर माशी बसू देत नाही. कॉफी बशीत ओतून, साखरेचा खडा दातांत धरून पिते, आणि तेवढ्या वेळात कोणी बोललं तर उठून आत निघून जाते.

दुरुस्त झालेलं मशीन घ्यायला गेलेल्या प्रत्येकाची ती परीक्षा घेते. वय, हुद्दा काही बघत नाही. एकदा आमचे पाद्री गेले होते, मी तेव्हा माझं मशीन न्यायला शेडच्या दारातच उभा होतो.

"बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात बर्फ अडकला. काय करणार तुम्ही?" लेम्पीने विचारलं.

"इंजिन बंद करीन."

"मग?"

"मग अडकलेला बर्फ काढीन."

"कशाने?"

पाद्री आपल्या हातांकडे बघायला लागले.

"उद्या या," ती म्हणाली. "मशीन कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी पाद्री शाळेतल्या पोरासारखे पाठ म्हणून आले. मुठीजवळचा खटका सोडायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात टाकायची, थोडं थांबायचं, आणि मग काठीने काढायचं. हात आत जाता कामा नये, इंजिन बंद असलं तरी नाही. एवढं म्हणून दाखवल्यावर मशीन मिळालं, आणि त्याच्या दांड्याला बांधलेली एक लाल काठी. पोरांच्या मोडलेल्या हॉकी स्टिक ती गोळा करते, हातभर लांबीच्या कापते, आणि बर्फात हरवू नयेत म्हणून लाल रंगवते. तिच्या शेडमधून लाल काठीशिवाय एकही मशीन बाहेर पडलेलं नाही.

माझ्या दुकानात या "इंजिन बंद असलं तरी नाही"वर आम्ही पोट धरून हसलोय. बंद मशीन काय चावणार आहे? मी माझी काठी टोमॅटोच्या रोपाला टेकू म्हणून लावली होती. लेम्पीने ती कुंपणावरून बघितली.

आता हात वर करण्याविषयी सांगायला हवं. आमच्या गावात रस्त्याने गाडी गेली की हात वर करायचा असतो. गाडीत कोण आहे हे दिसलं नाही तरी करायचा. न केला तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की ओन्नी हॅलोनेनांवर रागावलाय, आणि मग हॅलोनेन चार महिने तालुक्याच्या गावी जाऊन केस कापून येतात. दोन सख्ख्या भावांमधलं वैर एका न उचललेल्या हातावरून सुरू झालेलं मी पाहिलं आहे. पण ब्लोअरला दोन हात लागतात. एका मुठीजवळचा खटका दाबून धरला की मशीन पुढे सरकतं, दुसऱ्याजवळचा धरला की तोंडातली पाती फिरतात, आणि हात सोडला की सगळं आपोआप थांबतं. म्हणजे दर गाडीला थांबा, हात वर करा, पुन्हा धरा. हिवाळाभर हे कोण करणार? म्हणून आम्ही सगळे पात्यांचा खटका सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दाबून ठेवतो. एक हात मोकळा राहतो, गावात शत्रू होत नाहीत.

लेम्पी कोणालाच हात करत नाही. दोन्ही मुठी धरून, मान खाली घालून सरळ चालत राहते. तिचे शत्रू मोजायला गेलो तर मतदारयादीच आणावी लागेल.

माझं आणि तिचं वाजलं ते मात्र एकाहत्तर साली. तिचा नवरा आर्विड, म्हणजे माझा साडू, मोठा गोड माणूस होता. खाणीत फिटर होता, खाण गेल्यावर त्याने ती शेड टाकली. लेम्पी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होती, तिला पान्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हेही माहीत नव्हतं. त्या मार्चमध्ये ओला बर्फ पडला, आर्विडच्या मशीनचं नळकांडं तुंबलं, त्याने आत हात घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला.

इस्पितळात तो सगळ्यांना एकच सांगत होता, "मी इंजिन बंद केलं होतं."

कोणी विश्वास ठेवला नाही. फिटर माणूस, आणि चालू मशीनमध्ये हात घालतो, वर लाज वाटते म्हणून खोटं बोलतो, असं ठरून गेलं. मीही तेच म्हणालो. मी त्यापेक्षा जास्त म्हणालो. दुकानात एक दिवस कोणीतरी विचारलं, किती वेळ थांबावं लागेल? माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "एक आर्विड मिनिटं." सहा. दहातली चार गेली, उरली सहा. दुकान असं हसलं की आरसे हलले. महिन्याभरात सगळं गाव सहाला आर्विड म्हणायला लागलं. एक आर्विड बिअर द्या. मुलगी एक आर्विड वर्षांची झाली. आर्विड स्वतः एकदा माझ्या खुर्चीत बसलेला असताना मागच्या बाकावरून कोणी तसं म्हणालं. तो आरशातून माझ्याकडे बघून हसला. हसला, पण पुन्हा माझ्याकडे केस कापायला आला नाही, लेम्पी घरीच कापायला लागली. तिने कापलेले त्याचे केस बघून मला रस्त्यापलीकडे जाऊन कात्री हिसकावून घ्यावीशी वाटायची.

त्याला बारीक स्क्रू धरता येईनात, तेव्हा लेम्पीने शाळेची नोकरी सोडली. तो स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची. आठ वर्षं ती त्याची बोटं होती. मग एका जानेवारीत त्याचं हृदय बंद पडलं आणि शेड तिच्या एकटीच्या अंगावर आली. मी दफनाला गेलो. तिने सगळ्यांशी हात मिळवला, माझ्यासमोर आली तेव्हा हातमोजे घालायला लागली. सिल्वी, माझी बायको, त्या दिवसापासून दोघांच्या मधे हेलपाटे घालते आहे. शनिवारी सौना, म्हणजे वाफेचं स्नान, बहिणीच्या घरी, रविवारी जेवण नवऱ्याबरोबर.

मागच्या हिवाळ्याआधी, ऑक्टोबरात, माझ्या मशीनचा पाती फिरवणारा पट्टा बदलायचा होता, सिल्वीने ते तिच्याकडे पोचवलं. आणायला मला जावं लागलं. लेम्पीने माझ्यादेखत चाकू घेतला, खटक्यावरची ट्यूब कापली आणि माझ्या पायाशी टाकली.

"हात सोडला की थांबावं म्हणून लोकांनी डोकं खपवून हे खटके बनवले," ती म्हणाली. "आणि तुम्ही एका रबराने त्याचं पुन्हा पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन करता. परत बांधलंस तर माझ्याकडे येऊ नकोस."

"तुला कोणाला हात करायचा नसतो, तुझं ठीक आहे," मी म्हणालो. "मला गावात राहायचंय."

"राहा की. हात राहू देत म्हणजे झालं."

"तुझं हे भूत किती वर्षं चालायचंय, लेम्पी? चालू मशीनमध्ये हात घालण्याइतका मी मूर्ख नाही."

ती माझ्याकडे जशी बघत राहिली, त्यात नुसता राग असता तर मला कळला असता. तिने लाल काठी दांड्याला बांधली, दोन गाठी मारल्या, आणि शेडचं दार माझ्या तोंडावर लावलं. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तसा मी खटका पुन्हा बांधला. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचं लाल रबर होतं, ते दोन वेढे बरोबर बसलं. काठी कुठे टाकली आठवत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, तो बर्फ आला. ओला, जड, फावड्याला चिकटून बसणारा. वर बर्फ ढकलणारा सरकारी नांगर सकाळी रस्ता साफ करून गेला आणि जाताना सगळा चिखलबर्फ माझ्या फाटकाच्या तोंडाशी ढकलून गेला, छातीएवढा. नऊला दुकान उघडायचं होतं. साडेसातला मी मशीन घेऊन बाहेर पडलो. पलीकडे लेम्पी तिच्या मशीनमागे चालत होती, नेहमीसारखी मान खाली.

रोलँड, आमचा पोस्टमन, गाडीतून गेला. मी हात वर केला, त्याने केला. लेम्पीने केला नाही. मी मनात म्हटलं, मेली तर खांदा द्यायला चार माणसं भाड्याने आणावी लागतील. तेवढ्यात माझ्या मशीनचा आवाज घोगरा झाला, नळकांड्यातून बर्फ यायचा थांबला, आणि पाती गचका देऊन अडली.

मी इंजिन बंद केलं. हे मी शपथेवर सांगतो. बटण फिरवलं, आवाज थांबला, किल्लीसुद्धा काढली. पाती हलत नव्हती. मी गुडघ्यावर बसलो, नळकांड्यात डोकावून बघितलं, बर्फ सिमेंटसारखा बसला होता. हातमोजा आत जाईना म्हणून उजवा मोजा काढला आणि बाही वर केली.

फटका मनगटावर बसला तेव्हा मला आधी वाटलं मशीनच फुटलं. मी बर्फात आडवा झालो होतो आणि वर लेम्पी उभी होती, हातात लाल काठी. तिचं मशीन रस्त्यापलीकडे जिथल्या तिथे थांबलेलं होतं. साठीच्या बाईने ते अंतर किती वेळात कापलं देव जाणे.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडलो. "हात मोडलास माझा. माझा उजवा हात, लेम्पी."

"हलव बोटं."

"काय?"

"बोटं हलव म्हणते."

मी हलवली. पाचही हलली. मनगट मात्र सुजायला लागलं होतं.

"मशीन बंद आहे, आंधळी आहेस का तू? ही बघ किल्ली," मी किल्ली तिच्या तोंडापुढे नाचवली. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. "पंचवीस वर्षांचा सूड आज काढलास. नवऱ्याची बोटं गेली म्हणून सगळ्या गावाचे हात तोडणार आहेस? चालू मशीनमध्ये हात घालणारा तो आणि शिक्षा..."

"गप्प बस आणि बघ," ती म्हणाली.

ती वाकली. खटक्यावरचं लाल रबर तिने पाहिलं, पण सोडलं नाही. काठी नळकांड्यात घातली, मी हात घालणार होतो बरोबर तिथे, आणि दोनदा जोर लावून खोचली. बर्फ निसटला. बंद मशीनच्या पोटात काहीतरी सुटलं, पातं गरकन अर्धा फेरा फिरलं, आणि हॉकी स्टिकचं ते लाकूड कडकन मोडलं. अर्धी काठी तिच्या हातात राहिली. मग पुन्हा सगळं शांत झालं. किल्ली माझ्याच मुठीत होती.

रस्त्यावर कुणाची तरी गाडी थांबली होती, आतून हात वर झाला, माझा हात उचलला गेला नाही.

"तू खटका बांधून ठेवलास म्हणजे पट्टा ताणलेलाच राहतो," लेम्पी म्हणाली. ती मशीनकडे बघत बोलत होती. "पातं बर्फात अडलेलं. इंजिन थांबतं, पण जोर आत तसाच बसून राहतो, वाट बघत. बर्फ सुटला की पातं फिरतं. एवढंच. अर्धा फेरा. जुन्या मशीनचे खटके एकदा ओढले की ओढलेलेच राहायचे."

"म्हणजे आर्विडने..."

"बंद केलं होतं."

"तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

ती खाली बसली, माझ्या शेजारी, त्या ओल्या बर्फात. इतक्या वर्षांत ती माझ्या शेजारी कधी बसली नव्हती.

"तो गेला त्याला दोन वर्षं झाली होती," ती म्हणाली. "शेडमध्ये एक जुनं मशीन आलं होतं, तुंबलेलं. मी बंद केलं आणि आत फावड्याचा दांडा घातला, कारण मी हात घालायला घाबरायचे, बाकी काही नाही. दांडा मोडला. मी बराच वेळ तिथेच बसले. आठ वर्षं, ओन्नी. आठ वर्षं तो मला सांगत होता. जेवताना सांगायचा. सौनात सांगायचा. मी म्हणायचे, असू दे रे, चूक कोणाच्याही हातून होते. माफ केल्यासारखी. त्याला माफी नको होती. खरं म्हणावं एवढंच हवं होतं, आणि मी, त्याची बायको, एकदाही म्हटलं नाही."

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत नव्हतं आणि तू एक शब्द बनवलास." ती उठली, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. "तुझा हात मी सिल्वीसाठी वाचवला. तुझ्यासाठी हललेसुद्धा नसते."

ते खरं नव्हतं असं मला आज वाटतं, पण तिने ते मनापासून म्हटलं, आणि मी ते ठेवून घेतलं. जाताना तिने खिशातला चाकू काढला आणि रबर कापलं.

त्या दिवशी मी नऊला दुकान उघडलं. मनगट सुजलेलं, कात्री धरताना दुखत होतं. पहिला रोलँडच आला. मी त्याला मोडकी काठी दाखवली आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, बापरे, थोडक्यात वाचलास, आणि बातमी म्हणून पुढे घेऊन गेला. मी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. आर्विडने मशीन बंद केलं होतं. लोक माना डोलवायचे, आणि उठताना एखादा म्हणायचा, चल, एक आर्विड वाजता भेटू. मी कात्री ठेवून पुन्हा सांगायचो. शब्द माझ्या तोंडून एका सेकंदात गेला होता. तो परत गोळा करता करता मला आता दुसरा हिवाळा लागलाय.

अजून ट्यूबा बांधतातच लोक. निम्म्यांनी सोडल्या, कारण मी हात वर करणं बंद केल्यावर त्यांनाही धीर आला. दोन्ही मुठी धरून मान नुसती हलवतो. हॅलोनेनांनी माझ्याकडे येणं सोडलं, जाऊ देत.

मागच्या गुरुवारी किराणा दुकानात अंडी घ्यायला गेलो. गल्ल्यावर नवीन मुलगी होती, विशीतली, गावातच वाढलेली.

"डझन की आर्विड?" तिने विचारलं.

माझ्या मागे कोणीतरी टोपली खाली ठेवली. वळून बघायची गरज नव्हती, ग्रीसचा वास मला ओळखता येतो.

"सहा," मी म्हणालो. "सहा म्हण. आर्विड माणसाचं नाव आहे."

"हो?" मुलगी हसली. "मला वाटायचं फिनिश शब्द असेल. कोण होता?"

"माझा साडू. त्याने मशीन बंद केलं होतं."

"कुठलं मशीन?"

रांग वाढत होती. मी अंड्यांची पेटी उचलली, म्हटलं पुन्हा कधी सांगेन, आणि बाजूला झालो. लेम्पी जागची हलली नाही. गाडी चालू ठेवून सामान घेणारी बाई ती, रांगेत पुढचा माणूस खोकला तरी चिडते.

"सांग तिला," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. मला घाई नाही."